भिंगार (अहिल्यानगर)

भिंगार हे महाराष्ट्राच्या अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील, अहिल्यानगर शहराला पूर्वेकडून लागून असलेले दाट वस्तीचे उपनगर आहे. शहराची वस्ती आणि भिंगारची वस्ती आज एकमेकांत मिसळलेल्या असल्या तरी भिंगार महानगरपालिकेच्या हद्दीत येत नाही. त्याचा कारभार अहमदनगर छावणी परिषदेकडे (कॅन्टोन्मेंट बोर्ड) आहे. बोलीभाषेत हा परिसर 'भिंगार कॅम्प' या नावाने ओळखला जातो.

इतिहास

भिंगार हे गाव अहमदनगर शहरापेक्षा जुने आहे. इ.स. १४९० मध्ये मलिक अहमद याने बहमनी फौजेचा या परिसरात पराभव केला आणि निजामशाहीचा पाया घातला. पुढे १४९४ मध्ये त्याने भिंगारजवळ, सीना नदीच्या काठी नवी राजधानी वसविण्यास प्रारंभ केला. तिला त्याच्याच नावावरून अहमदनगर हे नाव मिळाले. पुढील काळात राजधानी वाढत गेली आणि मूळचे गाव तिच्या सावलीत राहिले.

मोगल बादशहा औरंगजेब याने दख्खनच्या दीर्घ मोहिमेनंतर आयुष्याचे अखेरचे दिवस येथील छावणीत काढले. ३ मार्च १७०७ रोजी त्याचा मृत्यू झाला. त्याचे दफन खुलताबाद येथे करण्यात आले. भिंगारजवळील आलमगीर हे ठिकाण त्याच्या मृत्यूचे स्मारक मानले जाते.

ऑगस्ट १८०३ मध्ये आर्थर वेलस्ली याच्या नेतृत्वाखालील इंग्रज फौजेने शिंद्यांच्या ताब्यातील अहमदनगरचा किल्ला जिंकला. पेशवाईच्या अखेरीस हा प्रदेश इंग्रजांच्या अमलाखाली आला व किल्ल्याच्या पूर्वेस लष्करी छावणी विस्तारली. १९४२ च्या 'चले जाव' आंदोलनात जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद आदी काँग्रेस नेत्यांना याच किल्ल्यात स्थानबद्ध करण्यात आले होते.

छावणी आणि वस्ती

स्वातंत्र्यानंतर अहमदनगर हे भारतीय सेनेच्या चिलखती दलाचे प्रमुख प्रशिक्षण केंद्र बनले. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल, मेकॅनाइज्ड इन्फंट्री रेजिमेंटल सेंटर आणि १९९४ मध्ये सुरू झालेले रणगाडा संग्रहालय ही येथील महत्त्वाची लष्करी केंद्रे होत.

२०११ च्या जनगणनेनुसार छावणी परिषदेच्या क्षेत्राची लोकसंख्या सुमारे २८ हजार होती. मात्र ती सर्वत्र सारखी पसरलेली नाही. लष्करी भागात प्रशस्त मैदाने, बंगले व झाडी आहे, तर व्यापारी, कारागीर व कामगार कुटुंबे बाजारपेठेच्या मर्यादित नागरी भागात एकवटलेली आहेत. लष्करी जमिनीमुळे या भागाला बाहेर वाढण्यास फारसा वाव नाही. छावण्यांमध्ये सामान्यतः बांधकामाची उंची व चटईक्षेत्र यांवर निर्बंध असतात. तसेच 'ओल्ड ग्रँट' प्रकारच्या मिळकतींत इमारत धारकाची असली तरी जमिनीची मालकी सरकारकडे राहते. त्यामुळे जुन्या घराची पुनर्बांधणी किंवा हस्तांतर ही साध्या नगरपालिका क्षेत्रापेक्षा अधिक गुंतागुंतीची बाब ठरते.

प्रशासन

छावणी परिषद केंद्र सरकारच्या संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत काम करते. तिला कॅन्टोन्मेंट्स कायदा, २००६ लागू असून या कायद्याने १९२४ च्या कायद्याची जागा घेतली. लष्कराचा स्टेशन कमांडर परिषदेचा पदसिद्ध अध्यक्ष असतो व दैनंदिन कारभार मुख्य कार्यकारी अधिकारी पाहतो. १० हजारांहून अधिक व ५० हजारांपर्यंत लोकसंख्येच्या छावण्या दुसऱ्या वर्गात मोडतात. अशा परिषदेत नागरिकांनी निवडलेल्या सात सदस्यांची तरतूद आहे.

देशातील बहुतेक छावणी परिषदांच्या निवडणुका २०१५ मध्ये झाल्या होत्या. मुदत व मुदतवाढ संपल्यानंतर २०२१ पासून निवडून आलेल्या सदस्यांऐवजी मोजक्या सदस्यांचे मंडळ कारभार पाहू लागले. एप्रिल २०२३ साठी जाहीर झालेल्या निवडणुकाही मतदानापूर्वीच रद्द करण्यात आल्या.

विलीनीकरणाचा प्रश्न

छावण्यांतील नागरी भाग लगतच्या स्थानिक स्वराज्य संस्थांत समाविष्ट करण्याचे धोरण केंद्र सरकारने स्वीकारले असून २०२३ मध्ये हिमाचल प्रदेशातील योल येथून त्याची सुरुवात झाली. भिंगारच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ हद्दीचा नाही. महानगरपालिकेत गेल्यास राज्य शासनाचे नगरविकास नियम व योजना लागू होऊ शकतात आणि नागरिकांना महापालिकेच्या निवडणुकीत मतदान करता येते. दुसरीकडे, करआकारणी, परिषदेचे कर्मचारी, मालमत्ता व शाळा-दवाखान्यांची जबाबदारी यांचा निर्णय आधी व्हावा लागतो. जमिनीची मालकी कोणाकडे राहणार, हा त्यातील सर्वांत कळीचा मुद्दा आहे. कारण तो निकालात निघाल्याशिवाय हद्द बदलूनही घरमालकाच्या अडचणी पूर्णपणे सुटत नाहीत.

दळणवळण

अहिल्यानगरहून पाथर्डीकडे जाणारा रस्ता भिंगारमधून जातो. हा रस्ता कल्याण–निर्मल राष्ट्रीय महामार्गाचा (क्र. ६१) भाग आहे. सर्वांत जवळचे रेल्वे स्थानक अहिल्यानगर हे असून ते दौंड–मनमाड मार्गावर आहे.