पाळणा थांबवणारा माणूस

(संत तुकाराम नगर, पिंपरी येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन)

आजचा विषय ऐकून आमच्या घरातच हसू झालं. सौ. म्हणाली, "आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आणि आता म्हातारपणी पाळण्यांवर बोलणार?" मी म्हटलं, हो, बोलणार. माणूस पैसे देतो, तासभर रांगेत उभा राहतो आणि स्वतःला घाबरवून घेतो. तत्त्वज्ञानाच्या माणसाला याहून चांगला प्रश्न कुठे मिळणार?

पाळणा आपल्याला नवा नाही. आमच्या लहानपणी जत्रेत लाकडी रहाटपाळणा असायचा. चार पेट्या आणि हाताने फिरवणारे दोन गडी. पुढे विजेवरचा आकाशपाळणा आला. निगडीला दुर्गा टेकडीपाशी अप्पूघर झालं. १९८९ मध्ये मुंबईत गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं, २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका. एस्सेलवर्ल्ड २०२२ मध्ये बंद झालं. म्हणजे एका पिढीच्या डोळ्यांदेखत एक मोठं उद्यान उघडलं आणि मिटलंही. मग या खेळांचं पुढे काय होणार, हा प्रश्न साहजिक आहे.

आधी यंत्र समजून घेऊ. आपल्या ओळखीच्या रोलर कोस्टरच्या गाडीला स्वतःचं इंजिन नसतं. साखळी तिला चढावर ओढून नेते. तो 'कट-कट-कट' आवाज तुम्ही ऐकला असेल. गाडी मागे घसरू नये म्हणून बसवलेल्या खटक्यांचा आवाज आहे तो. माथ्यावर साखळी तिला सोडून देते आणि पुढचं सगळं काम गुरुत्वाकर्षण करतं. इमॅजिकातला 'नायट्रो' सुमारे ४० मीटर उंच आहे. शाळेतलं सूत्र आठवा: ४० मीटरवरून खाली येणाऱ्या वस्तूचा वेग सेकंदाला २८ मीटर, म्हणजे ताशी १०० किलोमीटर होतो. नायट्रोचा वेग त्याच घरातला आहे.

पण वेगाला आपण घाबरत नाही बरं का. एक्सप्रेस वेवर शंभरच्या वेगात माणूस खुशाल डुलकी काढतो. आपल्याला जाणवतो तो वेगातला बदल. गाडी माथ्यावरून खाली झेपावते तेव्हा शरीर सीटवरून उचलल्यासारखं होतं, आतडी-जठरही क्षणभर निराधार होतात. आपण म्हणतो ना, पोटात गोळा आला. ते नुसतं बोलणं नव्हे, अगदी शारीरिक वर्णन आहे.

आता भविष्याचं पहिलं उत्तर लोक देतात ते उंचीचं. १८८४ मध्ये अमेरिकेत कोनी आयलंडला लामार्कस थॉम्पसनने अशी गाडी सुरू केली तेव्हा तिचा वेग होता ताशी १० किलोमीटरच्या आसपास. आपली सायकल पुढे जाईल! २००५ मध्ये न्यू जर्सीत 'किंगडा का' उभा राहिला, १३९ मीटर उंच, ताशी २०६ किलोमीटर. सौदी अरेबियात किद्दियाचा 'फाल्कन्स फ्लाइट' ताशी २५० किलोमीटरसाठी बांधला आहे. पण गणित बघा. नुसत्या उतारावर वेग दुप्पट करायचा तर उंची चौपट लागते. म्हणून नवे कोस्टर साखळी सोडून विद्युतचुंबकीय मोटरने गाडी फेकतात. पण माणसाचं शरीर मात्र तेच आहे. मानेचा कणा, मेंदूचा रक्तपुरवठा, यांच्या मर्यादा काही बदलत नाहीत. आणि तो किंगडा का? फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरुंग लावून पाडला. वीस वर्षंही पुरी झाली नाहीत.

दुसरं उत्तर आभासी वास्तवाचं. डोळ्यांवर चष्मा चढवा आणि अंतराळात फिरा. इंग्लंडमधल्या ऑल्टन टॉवर्स या उद्यानात २०१६ मध्ये 'गॅलॅक्टिका' नावाने हे करून बघितलं. प्रत्येक फेरीनंतर चष्मे पुसा, पट्टे बसवा, यात रांग खोळंबायची. थोड्याच वर्षांत ते काढून टाकले. अडचण नुसती व्यवस्थेची नाही. रॉबर्ट नोझिक या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९७४ मध्ये एक कल्पना मांडली होती. समजा, हवा तो अनुभव देणारं यंत्र आहे. तुम्ही जन्मभर त्याला जोडून घ्याल का? त्याचं म्हणणं, बहुतेक लोक नाही म्हणतील. आपल्याला नुसता अनुभव नको असतो, ती गोष्ट खरोखर घडायला हवी असते. पाळण्यावर नेमकं तेच आहे. पडणं खरं असतं.

इथे भरतमुनींची आठवण होते. नाट्यशास्त्रात भय हा स्थायी भाव आणि त्यातून भयानक रस. रंगभूमीवर वाघ आला तर प्रेक्षक पळत नाही, कारण त्याला माहीत असतं की हे नाटक आहे. पाळण्यावर गंमत अशी की शरीराला हे माहीत नसतं. ते म्हणतं, मेलो! बुद्धी म्हणते, अरे, काही होत नाही. या दोघांच्या भांडणातून जी किंकाळी निघते तिला आपण मजा म्हणतो. फ्रेंच विचारवंत रॉजर केयवा याने १९५८ च्या पुस्तकात खेळांचे चार प्रकार केले: स्पर्धा, दैव, सोंग आणि गरगर. चौथ्यात माणूस आपणहून तोल सोडतो.

पण मंडळी, बुद्धी 'काही होत नाही' म्हणते ती कशाच्या जोरावर? तुम्ही बोल्ट बघितलेत? वेल्डिंग तपासलंत? नाही. दुसऱ्या कुणीतरी तपासलं असेल, हा विश्वास. भय माझं, सुरक्षितता दुसऱ्याच्या हातात. तिकिटात आपण हाच विश्वास विकत घेतो. तो तुटला की रस संपला, उरलं नुसतं भय. जुलै २०१९ मध्ये अहमदाबादला कांकरियाच्या उद्यानात झुलणाऱ्या राइडचा दांडा तुटला आणि दोघांचा जीव गेला.

दुसरा प्रसंग जास्त शिकवणारा आहे. त्याच ऑल्टन टॉवर्समध्ये 'स्मायलर' नावाचा कोस्टर आहे. रेल्वेसारखे रुळाचे टप्पे पाडलेले असतात. पुढचा टप्पा मोकळा नसेल तर मागची गाडी आपोआप थांबते. ब्रेकही असे की ते स्प्रिंगने मिटलेलेच राहतात आणि हवेच्या दाबाने उघडतात. दाब गेला तर गाडी सुटत नाही, थांबते. २ जून २०१५ ला चाचणीसाठी सोडलेली रिकामी गाडी वाटेत अडकली. यंत्राने मागची भरलेली गाडी थांबवली. अगदी बरोबर केलं. पण रुळावर एक जादा गाडी आहे हे तिथल्या तंत्रज्ञांच्या ध्यानात नव्हतं. त्यांना वाटलं यंत्र उगाच अडतंय. त्यांनी ती अडवणूक बाजूला सारली, गाडी सोडली, आणि ती रिकाम्या गाडीवर आदळली. दोन तरुणींना एकेक पाय गमवावा लागला. कंपनीला ५० लाख पौंड दंड झाला. एका तंत्रज्ञाच्या चुकीवर प्रकरण मिटलं नाही, चूक होऊ देणाऱ्या व्यवस्थेलाच जबाबदार धरलं गेलं.

हे ऐकून इथल्या काही जणांच्या चेहऱ्यावर ओळखीचं काहीतरी उमटलंय. प्रेस शॉपमध्ये काम केलेले बसलेत ना इथे? माझा एक विद्यार्थी दिवसा चाकणकडच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर होता, संध्याकाळी वर्गाला यायचा. एकदा महिनाभर आला नाही. आला तेव्हा उजव्या हाताची दोन बोटं नव्हती. हात आत असला की प्रेस थांबवणारा सेन्सर प्रॉडक्शन कमी पडतं म्हणून बायपास केलेला. मी म्हटलं, "मशीन खराब होतं का रे?" तो म्हणाला, "नाही सर. मशीन थांबत होतं. आम्हीच त्याला थांबू देत नव्हतो."

इतकी वर्षं झाली, ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. इंग्लंडमधलं ते उद्यान आणि आपल्याकडचं ते शेड, गोष्ट एकच. थांबणाऱ्या यंत्राचा आणि थांबवणाऱ्या माणसाचा आपल्याला राग येतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की पाळण्यांचं भविष्य उंचीतही नाही आणि चष्म्यातही नाही. ज्या उद्यानात बटणापाशी उभ्या असलेल्या सगळ्यात कमी पगाराच्या पोराला 'मला शंका आहे, मी राइड थांबवतो' असं म्हणता येईल आणि त्याबद्दल त्याचा पगार कापला जाणार नाही, ते उद्यान टिकेल. भारतीय मानक ब्यूरोची या राइड्ससाठी मानके आहेत. कागद आहे. पण कागद बोल्ट आवळत नाही. तो आवळणारे हात आपल्या या पट्ट्यात घरोघरी आहेत. फिटर, वेल्डर, मेंटेनन्सवाले. पाळण्यांना त्यांचीच गरज आहे, आणि त्यांच्या 'थांबा'ला मान देणाऱ्या मालकांची.

आणि आपलंही काम आहे. मागच्या वर्षी नातीला घेऊन खोपोलीला गेलो होतो. एक मुलगा प्रत्येकाचा बार हाताने ओढून बघत येत होता. शेवटपर्यंत गेला, आणि परत पहिल्यापासून सुरू झाला. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, चल ना लवकर!" खरं सांगतो, माझ्याही मनात तेच आलं होतं. नात मात्र त्याला म्हणाली, "दादा, माझा अजून एकदा बघ." तो हसला आणि त्याने पुन्हा ओढून बघितला.

पुढच्या वेळी तुमच्या जत्रेत आकाशपाळणा मध्येच थांबला, तर आरडाओरडा करू नका. खाली कुणीतरी आपलं काम करत असेल.