कोल्ह्याच्या नावाचा प्रवास

पेण व रोहा तालुक्यांतील खाडीकाठच्या मुलांना कोल्हा प्रथम भेटतो तो कानांनी. तिन्हीसांजा झाल्या की खारफुटीच्या रानातून एक दीर्घ हेल उमटतो, त्याला दुसरा साद देतो, आणि पाहता पाहता सारी टोळी ओरडू लागते. हीच कोल्हेकुई. मौज अशी की, या प्राण्याचे नावही त्याच्या ओरडण्यावरूनच पडले आहे. संस्कृतात ‘क्रुश्’ म्हणजे ओरडणे आणि ‘क्रोष्टु’ म्हणजे ओरडणारा. प्राकृतात त्याचे ‘कोल्हुय’ झाले, मराठीत ‘कोल्हा’.

संस्कृतातील त्याचे दुसरे नाव ‘शृगाल’. हे मात्र मोठे प्रवासी निघाले! हिंदीत त्याचे ‘सियार’ झाले, गुजरातीत ‘शियाळ’. फारसीत ते ‘शगाल’ या रूपाने आढळते, तर तुर्कीत ‘चकाल’. तेथून ते युरोपात शिरले. इंग्रज ‘जॅकल’ म्हणू लागले. दूर उत्तरेकडील डेन्मार्क, नॉर्वे व स्वीडन या देशांत ‘शकाल’ हा शब्द रूढ झाला.

त्या देशांना हे नाव उसने का घ्यावे लागले? तेथील रानांत लांडगा होता. त्याला डेन्मार्क व नॉर्वेमध्ये ‘उल्व’ हे स्वतःचे जुने नाव आहे. (आपल्या ‘वृक’ शब्दाचा तो दूरचा भाऊबंदच होय.) कोल्हा मात्र तेथे नव्हता. आपला मुलूख विस्तारीत तो डेन्मार्कमध्ये पोहोचल्याची पहिली नोंद 2015 सालची आहे. नाव आधी गेले, धनी मागाहून!

आपल्याकडे घोटाळा झाला तो निराळाच. इसापाच्या द्राक्षांच्या गोष्टीतील प्राणी कोल्हा नव्हे. तो खोकडाच्या जातीचा. खोकड कोल्ह्याहून लहान, झुपकेदार शेपटीचे व शेपटीच्या काळ्या टोकाचे. भाषांतरकारांनी त्याच्या जागी कोल्हा बसविला, आणि बिचाऱ्या खोकडाचे नाव मुलांच्या कानी पडेनासे झाले. पंचतंत्रातील करटक व दमनक हे मात्र अस्सल कोल्हे. तेव्हा धूर्तपणाचा लौकिक काही सर्वस्वी परका नाही.

‘कोल्हा काकडीला राजी’ ही म्हणही खऱ्या कोल्ह्याचीच. काकडीच्या मळ्यात शिरणारा तोच, आणि शेतातले उंदीर व खाडीतले खेकडे खाणाराही तोच. खारफुटी तोडून तेथे भराव घातला, की त्याचा दिवसाचा आसरा जातो.