एक स्ट्रोक आणि सोळा बाय सोळाची खोली

आमच्या डार्मश्टाटमध्ये खेळ म्हणजे फुटबॉल आणि फुटबॉल म्हणजे ‘लिलीज’, अर्थात एस.व्ही. डार्मश्टाट ९८. सामन्याच्या दिवशी ट्रॅम निळ्या-पांढऱ्या मफलरांनी भरून जाते. अशा गावात ‘मला हॉकी आवडते’ म्हटले की समोरचा जर्मन आधी विचारतो, “बर्फावरची?” “नाही, गवतावरची,” असे सांगितले की तो म्हणतो, “हां, ती तुमची भारतीयांची!” आणि मग फार वाईट वाटू नये अशा बेताने विषय बदलतो.

हे सगळे आठवायचे कारण गेल्या गणेशोत्सवात घडले. आरती झाली होती, मोदकांचे ताट फिरत होते. आपल्या मंडळातल्या एका गृहस्थांनी मला बाजूला घेतले. त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा इथल्या एका क्लबात हॉकी खेळतो. त्याला हेसनच्या वयोगट संघाच्या निवड शिबिराला बोलावणे आले होते. अभिनंदन करायला मी हात पुढे केला, तर गृहस्थ चिंतेत! “अहो, आठवड्यातून चार संध्याकाळी सराव. शनिवार-रविवार सामने. पुढे आबिटूअर आहे. आणि एवढं सगळं करून हॉकीत मिळणार काय? टेनिस असतं तर गोष्ट वेगळी.” त्या वेळी गोंगाटात नीट उत्तर देता आले नाही. एक नाव मात्र सारखे डोक्यात घोळत होते: युवराज वाल्मीकी. त्याच्या एका मोसमात या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे. ते सरळ ‘हो’ किंवा ‘नाही’ असे नाही, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

युवराज मुंबईचा. कुटुंब मूळचे अलीगढकडले, पण पोरे वाढली ती मरीन लाइन्सला. ज्यांना मुंबई ठाऊक आहे त्यांच्या डोळ्यांसमोर तो भाग लगेच उभा राहील. चर्चगेटला महिंद्र हॉकी स्टेडियम, जवळच वानखेडे आणि पलीकडे समुद्र. मुंबईच्या हॉकीला शिस्त लावणाऱ्या मर्झबान पटेल यांच्या हाताखाली तो तयार झाला. या ‘बावां’नी विरेन रस्किन्हापासून सूरज करकेरापर्यंत किती तरी खेळाडू घडवले. त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला तो २०१९ साली, म्हणजे शिष्यांना नाव मिळाल्यावर बऱ्याच वर्षांनी. असो.

आता सप्टेंबर २०११. चीनच्या इनर मंगोलियातले ऑर्डोस हे गाव. आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफी ही स्पर्धा प्रथमच भरत होती. त्या काळी भारतीय हॉकीची अवस्था काय होती, हे आधी लक्षात घ्यायला हवे. २००८ साली बीजिंग ऑलिंपिकसाठी आपण पात्रसुद्धा ठरलो नव्हतो. मायकेल नॉब्ज हे ऑस्ट्रेलियन प्रशिक्षक नुकतेच रुजू झाले होते. या संघाकडून फारशी अपेक्षा कुणाचीच नव्हती, आणि आघाडीच्या फळीत खेळणाऱ्या एकवीस वर्षांच्या युवराजचे नाव हॉकीच्या वर्तुळाबाहेर कुणाला माहीत असण्याचे कारण नव्हते.

११ सप्टेंबरला अंतिम सामना पाकिस्तानशी. सत्तर मिनिटे झाली, जादा वेळ झाला, तरी गोलफलक कोराच! मग पेनल्टी स्ट्रोक. ज्यांनी हॉकी फारशी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी हा प्रकार थोडक्यात सांगतो. चेंडू गोलरेषेपासून ६.४० मीटरवर ठेवतात. समोर ३.६६ मीटर रुंद आणि २.१४ मीटर उंच गोल, मध्ये एकटा गोलरक्षक. चेंडू खेळला जाईपर्यंत त्याला पाय हलवता येत नाहीत. मारणाऱ्याला काठी मागे नेऊन फटका मारता येत नाही. चेंडू ढकलायचा किंवा मनगटाने उचलून फेकायचा. पाहताना वाटते की यात काय कठीण? पण सत्तर मिनिटे धावून झाल्यावर, समोर पाकिस्तान असताना, ते मनगट स्थिर ठेवणे ही गंमत नाही. (त्यानंतर लवकरच ही पद्धत बदलली. आता खेळाडू २३ मीटरच्या रेषेपासून चेंडू घेऊन निघतो आणि आठ सेकंदांत गोलरक्षकाला चकवतो. बघायला हे अधिक रंगतदार आहे, पण मला जुना स्ट्रोक अधिक निर्दय वाटतो.)

भारताने ती लढत ४-२ अशी जिंकली. श्रीजेश नावाच्या तरुण गोलरक्षकाने दोन स्ट्रोक अडवले आणि भारताच्या चार यशस्वी स्ट्रोकांपैकी एक युवराजचा होता. बस्, एवढेच. काही सेकंदांचे काम! पण पाकिस्तानविरुद्ध, अंतिम सामन्यात आणि तेही मुंबईच्या पोराने. संघ परतला आणि मुंबईच्या बातमीदारांनी युवराजचे घर शोधून काढले.

घर म्हणजे मरीन लाइन्सची जेमतेम सोळा फूट बाय सोळा फुटांची खोली, आणि त्या खोलीत वीज नव्हती.

त्याच वर्षी २ एप्रिलला वानखेडेवर क्रिकेटच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला होता. आपण इथे डार्मश्टाटमध्ये कुणाच्या तरी घरी जमून, मिळेल त्या प्रक्षेपणावर तो पाहिला होता. धोनीचा षटकार आठवत नाही असा आपल्यात कुणी नसेल. त्या रात्री वानखेडेच्या प्रकाशझोतांनी आकाश उजळले होते आणि तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, भारतासाठी हॉकी खेळू पाहणारा एक पोरगा बिनविजेच्या घरात राहत होता. विश्वविजेत्या प्रत्येक क्रिकेटपटूला मंडळाने आधी एक कोटी जाहीर केले, मग त्याचे दोन कोटी केले. ऑर्डोसहून आलेल्या हॉकीपटूंना हॉकी इंडियाने जाहीर केले प्रत्येकी पंचवीस हजार रुपये. खेळाडूंनी ते नाकारले. ते नाकारणे मला त्या स्ट्रोकइतकेच मोलाचे वाटते. बोभाटा झाला, आणि मग क्रीडामंत्री अजय माकन यांनी प्रत्येकी दीड लाख जाहीर केले.

युवराजच्या वाट्याला त्याहून जास्त आले. मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांनी राज्यातर्फे दहा लाख जाहीर केले आणि घराचे आश्वासन दिले. खोलीत वीज आली. फोटो छापून आले, सत्कार झाले, लोक रस्त्यात ओळखू लागले. ज्याला आपण ‘रातोरात प्रसिद्धी’ म्हणतो ती हीच. घर मात्र रातोरात आले नाही. त्यासाठी कुटुंबाला पुढे किती तरी वर्षे वाट पाहावी लागली.

आणि खेळाचे काय झाले? २०१२ च्या लंडन ऑलिंपिकला गेलेल्या संघात युवराज नव्हता. तिथे भारत बारा संघांत बारावा आला. २०१३ मध्ये हॉकी इंडिया लीग सुरू झाली तेव्हा तो दिल्लीच्या संघातून खेळला. धाकटा भाऊ देविंदर २०१६ साली रिओ ऑलिंपिकला गेला, म्हणजे त्या एका खोलीतून दोन आंतरराष्ट्रीय हॉकीपटू निघाले. त्याच २०१६ साली युवराज पुन्हा घराघरांत दिसला, पण ‘खतरों के खिलाडी’ या दूरदर्शन मालिकेत! यात त्याला दोष देण्यासारखे काहीही नाही. हॉकीपटूला लोकांनी चेहऱ्याने ओळखावे यासाठी हॉकी पुरेशी पडत नाही, इतकाच त्याचा अर्थ.

याआधी अशी ओळख महाराष्ट्रातल्या एकालाच मिळाली होती, ती खडकीच्या धनराज पिल्लेला. त्याचे वडील ऑर्डनन्स फॅक्टरीच्या मैदानाची देखभाल करीत. मोडक्या काठ्या जोडून पोरे खेळत. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार आशियाई स्पर्धा. २००२ साली चॅम्पियन्स ट्रॉफी कोलोनला झाली तेव्हा आम्ही काही जण गाडी करून गेलो होतो. कांस्यपदकासाठी भारत-पाकिस्तान, आपण ३-४ असे हरलो. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला धनराज, वयाच्या चौतिसाव्या वर्षी! माझ्या शेजारी एक म्हातारे जर्मन गृहस्थ बसले होते. धनराज चेंडू घेऊन निघाला की ते ‘पिल्लाय, पिल्लाय’ म्हणत अर्धे उठायचे. मला वाटले, काय ही कीर्ती! मध्यंतरात विचारले, तर कळले की तो स्टुटगार्टच्या किकर्स क्लबाकडून खेळला असल्याने त्यांना ठाऊक होता. त्यांच्या लेखी तो कुणी दूरचा महापुरुष नव्हता. त्यांच्या भागातल्या क्लबाचा माणूस होता!

इथे मला जर्मनीतला फरक दिसतो. युवराजही पुढे इथल्या लीगमध्ये खेळला, त्यानेही तो पाहिला असणार. इथे खेळ चालतो तो ‘फेराइन’मध्ये, म्हणजे सभासदांच्या वर्गणीवर चालणाऱ्या नोंदणीकृत मंडळात. रुसेल्सहाइमचा क्लब आपल्यापासून मोटारीने अर्ध्या तासावर. जर्मन हॉकीत त्याचे मोठे नाव, पण मूळचा तो होड्या वल्हवणाऱ्यांचा क्लब. नावात आजही होड्याच आहेत. उन्हाळ्यात मैदानावर, हिवाळ्यात सभागृहात, आणि वसंतात पुन्हा मैदानावर असे वर्ष चालते. वरच्या श्रेणीत खेळणारी मुले विद्यापीठात शिकतात किंवा नोकरी करतात, कारण हॉकीवर घर चालत नाही हे इथे सर्वांनाच ठाऊक असते. २०१२ साली जर्मनीने लंडनला सुवर्ण जिंकले; त्या वर्षी सुवर्णपदकासाठी क्रीडा साहाय्य निधीचे बक्षीस १५ हजार युरो होते. फुटबॉलमधल्या मधल्या फळीच्या खेळाडूच्या दृष्टीने ही रक्कम किरकोळ आहे.

त्या संघातला मोरित्झ फ्युर्स्टे हा जगातला त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू. आमच्या ट्रॅममध्ये तो चढला असता तर त्याला कुणी जागाही दिली नसती. पण त्याच वर्षीच्या डिसेंबरात भारतात लीगचा लिलाव झाला आणि रांचीच्या संघाने त्याला ७५,५०० डॉलरना घेतले. झारखंड हे हॉकीचे माहेरघर. तिथे याच माणसासाठी गॅलऱ्या भरत. पुढच्या एका लिलावात कलिंग संघाने त्याला एक लाख पाच हजार डॉलर दिले. म्हणजे जर्मन हॉकीपटूला प्रसिद्धी मिळाली ती भारतात, आणि भारतीय हॉकीपटूला निवांतपणे खेळता आले ते जर्मनीत! फ्युर्स्टेने मात्र त्या प्रसिद्धीच्या भरवशावर आयुष्य टाकले नाही. खेळ थांबवल्यावर त्याने एका भागीदाराबरोबर ‘हायरॉक्स’ ही व्यायामाची शर्यत सुरू केली, तिचे फलक आता फ्रांकफुर्टातही दिसतात.

भारतात काहीच बदलले नाही असे मात्र नाही. २०१८ पासून ओडिशा सरकारने राष्ट्रीय संघाचे प्रायोजकत्व घेतले. ५ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत आपण कांस्यपदक जिंकले, तेही जर्मनीलाच ५-४ असे हरवून. शेवटच्या काही सेकंदांत जर्मनीला पेनल्टी कॉर्नर मिळाला होता आणि तो ज्याने अडवला तो हाच श्रीजेश, ऑर्डोसचा. मी तेव्हा घरून काम करत होतो. सहकाऱ्यांना पडद्यावर तोंड दाखवायची वेळ आली तेव्हा शक्य तितका गंभीर चेहरा केला. त्या संघावर राज्य सरकारांनी कोट्यवधींचा वर्षाव केला. केरळने एकट्या श्रीजेशला दोन कोटी दिले. पंचवीस हजार ते दोन कोटी, मध्ये दहा वर्षे. पण त्या दहा वर्षांत जे संघातून गळाले, ज्यांचा मोसम एकच होता, त्यांना तो वर्षाव कुठून लागणार?

तर त्या गृहस्थांना माझे सांगणे असे. तुमच्या मुलाने शिबिराला जावे. युवराजला जे पणाला लावावे लागले ते तुमच्या मुलाला लावावे लागणार नाही. त्याच्या खोलीत दिवा आहे, शाळा आहे आणि निवड झाली नाही तरी क्लब त्याला काढून टाकणार नाही. चार संध्याकाळी जास्त वाटत असतील तर प्रशिक्षकांशी स्पष्ट बोला. परीक्षेच्या काळात सवलत मागण्यात इथे कुणाला कमीपणा वाटत नाही. फक्त ‘मिळणार काय’ या प्रश्नाचे उत्तर पैशांत आणि फोटोंत शोधू नका, कारण ते दोन्ही मिळालेच तर एखाद्या स्ट्रोकवर मिळतात आणि पुढच्या मोसमात राहतीलच असे नाही. आणि हो, दर रविवारी तुम्हालाही मैदानावर केक विकायला उभे राहावे लागेल. आमच्या घरून बटाटेवडे जातात. केकच्या आधी संपतात.

माझा मुलगा दहा-अकरा वर्षांचा असताना आम्ही रुसेल्सहाइमला एक सामना पाहायला गेलो होतो. सामना संपल्यावर राष्ट्रीय संघातून खेळलेला एक खेळाडू स्वतःच मैदानावरचे चेंडू बादलीत गोळा करत होता. मुलाने काठीवर सही मागितली. त्याने खिसे चाचपले, हसला आणि मला विचारले, “पेन आहे का?” मी दिले. त्याने सही केली, मुलाला विचारले की तू कुठल्या जागी खेळतोस, मग एक गुडघा टेकून त्याला काठी धरायची पकड दाखवत बसला. मागे त्याचे साथीदार त्याला हाका मारत होते, कारण सभागृहातल्या खुर्च्या लावायची पाळी त्या दिवशी त्याची होती. तो धावत गेला, माझे पेन घेऊनच.