निकोसियाचे दोन नगराध्यक्ष

भूमध्य समुद्रातल्या बेटांत सिसिली आणि सार्डिनियाच्या खालोखाल सायप्रसचा क्रमांक लागतो. क्षेत्रफळ ९,२५१ चौरस किलोमीटर. उत्तर किनाऱ्याला लागून किरेनियाची अरुंद डोंगररांग, नैर्ऋत्येला त्रोदोसचा ऐसपैस डोंगराळ मुलूख, मधे मेसाओरियाचं मैदान आणि त्या मैदानात राजधानी निकोसिया. हा नकाशा मी कित्येक वर्षं पुनःपुन्हा उघडत आलो आहे आणि दर वेळी बोट पेदिओस नदीवर येऊन थांबतं. त्रोदोसमध्ये उगम पावून ती ईशान्येकडे निघते, निकोसियातून जाते आणि पूर्वेला फामागुस्ताच्या उपसागराकडे वळते. वर्षाचा बराच काळ पात्र कोरडंच असतं. पण शहराचा उतार तिच्याच दिशेनं आहे आणि पुढची सगळी हकिगत या उतारावर उभी आहे.

त्याआधी थोडा इतिहास. बेट १५७१ पासून ऑटोमन सत्तेखाली, १८७८ पासून ब्रिटिशांकडे. बहुसंख्य लोक ग्रीकभाषक ख्रिस्ती, सुमारे १८ टक्के तुर्कीभाषक मुसलमान. एकांना ग्रीसमध्ये विलीनीकरण हवं, दुसऱ्यांना फाळणी. १९५५ मध्ये ब्रिटिशांविरुद्ध सशस्त्र लढा सुरू झाला आणि १९६० मध्ये स्वातंत्र्य मिळालं, ते दोन्ही मागण्या बाजूला ठेवून. ग्रीस, तुर्कस्तान आणि ब्रिटन या स्वातंत्र्याचे हमीदार झाले.

त्या वेळच्या राज्यघटनेबद्दल लिहिताना अभ्यासक नकाराधिकारावर भर देतात. अध्यक्ष ग्रीक, उपाध्यक्ष तुर्की, दोघांनाही नकाराधिकार, सरकारी नोकऱ्यांत ७०:३० वाटणी. मला मात्र १७३ वं कलम जास्त घातक वाटतं. पाच मोठ्या शहरांत ग्रीकांची आणि तुर्कांची नगरपालिका वेगळी असावी, असं ते कलम सांगतं. पण मोहल्ले एकमेकांत मिसळलेले असताना हद्द कुठे आखायची? कचरा कोणी उचलायचा, घरपट्टी कोणी घ्यायची? हा वाद मिटलाच नाही. नोव्हेंबर १९६३ मध्ये अध्यक्ष आर्चबिशप मकारिओस यांनी घटनेत तेरा बदल सुचवले, त्यांत नगरपालिका एकत्र करण्याचाही होता. डिसेंबरात रक्तपात सुरू झाला. ब्रिटिश जनरल पीटर यंग यांनी नकाशावर हिरव्या पेन्सिलीनं रेघ ओढली आणि निकोसिया दुभंगलं.

इथे आपल्या सेनाधिकाऱ्यांबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. १९६४ मध्ये संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना आली, तिचे पहिले प्रमुख लेफ्टनंट जनरल प्रेमसिंग ग्यानी. त्यांच्यानंतर जनरल थिमय्या आले. डिसेंबर १९६५ मध्ये याच बेटावर, कामावर असताना त्यांचं निधन झालं. सायप्रसनं त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढलं. जुलै १९७४ मध्ये ग्रीसच्या लष्करी राजवटीनं मकारिओसविरुद्ध बंड घडवलं, पाच दिवसांनी तुर्कस्तानचं सैन्य उतरलं आणि ऑगस्टअखेर बेटाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग त्याच्या ताब्यात गेला. त्या आणीबाणीत शांतिसेनेची धुरा दिवाण प्रेमचंद यांच्याकडे होती आणि निकोसियाचा विमानतळ शांतिसेनेनं आपल्या हाती राखला. आपल्याकडे ही नावं विसरली जावीत याचं मला वाईट वाटतं.

निकोसियाची रेघ आता बेटभर सुमारे १८० किलोमीटर लांब झाली. ग्रीक दक्षिणेला, तुर्क उत्तरेला. पण मैलापाणी उताराप्रमाणेच जाणार. बहुतेक वस्ती दक्षिणेला, तर शुद्धीकरण केंद्राची जागा मिया मिलियाला, म्हणजे उत्तरेत. दोन्ही नगराध्यक्षांनी बोलल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. दक्षिणेला लेलोस दिमित्रियादिस, उत्तरेला व्यवसायानं वास्तुरचनाकार असलेले तरुण मुस्तफा अकिंजी. एका बाजूच्या सरकारला दुसऱ्या बाजूची नगरपालिकाच मान्य नव्हती. तरीही १९७८ मध्ये दोघांनी मैलापाण्याच्या एकत्रित योजनेवर समझोता केला. पाठोपाठ दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांनी मिळून सगळ्या शहराचा एक विकास आराखडा करायला घेतला. त्यातून तटबंदीच्या आतल्या जुन्या शहराची जी डागडुजी झाली, तिला २००७ मध्ये आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला.

हे सगळं वाचून मी तिथे गेलो. लेद्रा रस्त्यावर एका खिडकीत पासपोर्ट दाखवायचा, थोडं चालायचं, दुसऱ्या खिडकीत पुन्हा दाखवायचा. हा रस्ता २००८ मध्ये खुला झाला. दोन्ही बाजूंची कॉफी सारखीच, तांब्याच्या लांब दांड्याच्या भांड्यात उकळलेली. रेघेलगतच्या गल्ल्यांत वाळूची पोती आणि पिंपं रचलेली, घरांच्या भिंतींवर गोळ्यांच्या खुणा.

२००४ च्या सार्वमतात एकीकरणाच्या योजनेला उत्तरेनं ६५ टक्के होकार दिला, दक्षिणेनं ७६ टक्के नकार. २०१७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या क्रां-मोंताना इथे पुन्हा बोलणी झाली, तेव्हा उत्तरेचे नेते तेच अकिंजी होते. तुर्की सैन्य आणि हमीदारांचे अधिकार यांवर ती मोडली. माझ्या मते दोष माणसांपेक्षा मांडणीचा आहे. मैलापाण्याचा करार शहरातल्या दोघांनी केला. देशाच्या कराराला मात्र बाहेरच्या तीन हमीदारांची संमती लागते आणि ती अट कायम आहे तोवर समझोता होईल असं मला वाटत नाही.

सायप्रसला जाणाऱ्या वाचकांनी समुद्रकिनाऱ्यांच्या बेतातून एक दिवस निकोसियासाठी काढावा. मात्र बेटावर उतरावं ते लार्नाका किंवा पाफोस विमानतळावर. उत्तरेतल्या विमानतळावरून केलेला प्रवेश सायप्रस प्रजासत्ताक बेकायदा मानतं.