मार्गळी, नाताळ आणि संक्रांत : चेन्नईच्या मराठी घरातला हिवाळा

थंडी म्हटली की महाराष्ट्रातील वाचकांच्या डोळ्यांपुढे शेकोटी, हुरडा आणि गोधडी उभी राहतात. चेन्नईत यांपैकी काहीच नाही. येथे नोव्हेंबर-डिसेंबर हे ईशान्य मोसमी पावसाचे दिवस. तो ओसरला की जो थोडासा गारवा येतो त्यालाच येथील लोक थंडी म्हणतात. पारा विसाच्या खाली क्वचितच उतरतो, तरी पहाटे फिरावयास निघालेले वृद्ध गृहस्थ कानटोपी घालूनच बाहेर पडतात. असे असूनही सणांची सर्वांत लांब रांग याच सुमारास लागते. कार्तिगै दीपम्, मार्गळीच्या पहाटा, नाताळ, भोगी, पोंगल आणि आपली संक्रांत. नोकरीधंद्यानिमित्त येथे आलेल्या मराठी कुटुंबातील मुलाला हे सारे एकाच जिन्यावर पाहावयास मिळते. त्यातले त्याला काय द्यावे, काय समजावून सांगावे आणि आपले म्हणून काय राखावे, हा प्रश्न आईबापांपुढे दरवर्षी उभा राहतो, आणि तो वाटतो तितका सोपा नाही.

आरंभ पंचांगापासून करावा. तमिळ घरांत भिंतीवर रोज एक पान फाडण्याची दिनदर्शिका असते. तिच्याशेजारी आपली मराठी दिनदर्शिका टांगली तर मुलाला लवकरच कोडे पडते. तमिळ मार्गळी आणि आपला मार्गशीर्ष ही नावे सख्खी भावंडे दिसतात, पण दोन्ही महिने एकाच दिवशी सुरू होत नाहीत. कारण आपले महिने चंद्राच्या कलांवर चालतात आणि तमिळ महिने सूर्याच्या राशींवर. म्हणूनच कार्तिगै दीपम् कधी त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपास येते, तर कधी दत्तजयंतीच्या. आपल्या चांद्र सणांमध्ये संक्रांत तेवढी सूर्याची. त्यामुळे ती तमिळ ‘तै’ महिन्याच्या प्रारंभाशी, म्हणजे पोंगलशी, बरोबर जुळते. दहा वर्षांच्या मुलाला हे सहज समजते, आणि ‘आपला सण त्यांच्याच दिवशी कसा?’ या प्रश्नाचे उत्तर त्याला आकाशात सापडते.

मार्गळी म्हणजे सूर्य धनु राशीत असतो तो महिना, अर्थात धनुर्मास. आता आपल्या आजीला विचारा. ती म्हणेल, ‘अरे, हा तर आपला धुंधुरमास!’ सूर्योदयापूर्वी उठून मुगाची खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी आणि भरीत असा नैवेद्य दाखवून उजाडता उजाडता जेवावयाचे, ही रीत महाराष्ट्रात पुष्कळ घरांतून मागे पडली. चेन्नईत त्याच महिन्यात, त्याच वेळी, देवळांतून वेण्पोंगलचा प्रसाद वाटला जातो. तांदूळ, मुगाची डाळ, मिरे, जिरे, आले आणि तूप. खिचडीची सख्खी बहीणच म्हणा ना! एखाद्या रविवारी मुलांना पहाटे उठवून मंदिरातील द्रोण आणि घरची खिचडी एका ताटात वाढावी. बाजरी येथे ‘कंबु’ या नावाने मिळते, हे नव्याने आलेल्या गृहिणींनी ध्यानात ठेवावे.

याच पहाटे दारोदार कोलम् रेखिले जातात. आपली रांगोळी दगडाच्या भुकटीची, तर अस्सल कोलम् तांदळाच्या पिठीचे. मुंग्या आणि पाखरे ते खाऊन टाकतात आणि खाण्यासाठीच ते असते. मार्गळीत त्याच्या मध्यभागी शेणाचा गोळा ठेवून त्यात भोपळ्याचे पिवळे फूल खोवतात. ठिपके मोजून त्यांभोवती अखंड रेघ फिरवणे हा मुलांना गणितासारखाच छंद लावणारा खेळ आहे. शेजारच्या पाट्टींकडे, म्हणजे आजींकडे, मुलीला (आणि मुलालाही) खुशाल धाडावे. आंडाळचे तिरुप्पावै या महिन्यात रोज एक पद याप्रमाणे तीस दिवस गातात. मुलाला अर्थ लगेच कळणार नाही. पण कोण्या एका मुलीने रचलेली पदे शेकडो वर्षे पहाटे गायिली जातात, एवढे कळले तरी पुरे. संगीताच्या हंगामाविषयी मात्र सक्ती करू नये. १९२७ च्या काँग्रेस अधिवेशनासमवेत झालेल्या संगीत परिषदेतून १९२८ साली म्युझिक अकॅडमी उभी राहिली आणि तिच्याभोवती डिसेंबरचा हा हंगाम वाढला, हे खरे. तथापि लहान मुलांचे लक्ष सभेतील गाण्यापेक्षा सभेच्या उपाहारगृहाकडेच अधिक असते, आणि त्यात वावगे काही नाही.

नाताळाविषयी काही घरांत संकोच दिसतो. ‘हा आपला सण नव्हे’ असे वडीलधारे म्हणतात. उलट काही तरुण आईबाप कापसाचा बर्फ चिकटवलेले झाड आणून ठेवतात आणि नाताळ साजरा झाला असे मानतात. दोन्ही गोष्टी मला अपुऱ्या वाटतात. ‘नाताळ’ हा शब्दच पोर्तुगीजांकडून येऊन मराठी झाला. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ख्रिस्तजन्माची कथा मराठी ओव्यांत सांगितली आणि ते ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यातील रायतूर येथे छापले गेले. वसईच्या ख्रिस्ती घरांत नाताळ मराठीतच होतो. तेव्हा मुलाला हा सण परक्या देशाचा म्हणून दाखविण्याचे कारण नाही. चेन्नईत तर त्याची मुळे फार जुनी. सेंट थॉमस मैलापूर येथे पुरला गेला अशी परंपरा आहे, आणि त्याच्या समाधीवर उभ्या असलेल्या सांथोम चर्चची आजची वास्तू १८९६ सालची आहे. डिसेंबर लागला की ख्रिस्ती घरांच्या सज्ज्यांत कागदी तारा उजळतो. जिन्यावरच्या एखाद्या घरी तो लागला की मुलाला घेऊन शुभेच्छा द्यावयास जावे. तेथे मिळणारे केक, कलकल आणि साच्याचे अच्चु मुरुक्कु ही त्या घरच्या बाईने चार दिवस खपून केलेली असतात. मुलाने ती कशी केली हे विचारावे. आपल्या फराळाच्या ताटाची परतफेड अशीच होते.

नाताळच्या दुसऱ्याच दिवशी या शहराची एक जखम आहे. २६ डिसेंबर २००४ च्या रविवारी सकाळी त्सुनामीची लाट मरीना आणि कोळीवाड्यांवर आली. आजही त्या तारखेस कोळी स्त्री-पुरुष किनाऱ्यावर येऊन समुद्रात दूध आणि फुले सोडतात. थोड्या मोठ्या मुलांपासून हे लपवू नये. जे लोक आपल्याला मासळी विकतात त्यांचा सणांचा महिना कोणत्या दिवसाने चिरला गेला आहे, हे मुलांना ठाऊक असणे उचित होय.

रमजान हिवाळ्याचा सण नव्हे असे मुलाने म्हटले, तर त्याला हिशेब करावयास लावा. इस्लामी वर्ष दरवर्षी सुमारे अकरा दिवसांनी मागे सरते. २०३० साली रमजानचा आरंभ जानेवारीत एकदा आणि डिसेंबरअखेर पुन्हा एकदा येईल.

भोगीच्या पहाटे जुनेपाने जाळण्याची रीत येथे आहे. मुलांच्या हाती छोटा ढोल असतो, जाळासमोर तो बडवावयाचा. गंमत मोठी, पण जुन्या चटया आणि केरसुण्या जात तेथे टायर आणि प्लास्टिक जाऊ लागले, तेव्हा शहराला त्याची किंमत द्यावी लागली. १३ जानेवारी २०१८ रोजी धूर आणि धुके यांनी चेन्नईचा विमानतळ झाकोळून गेला व अनेक विमाने अन्यत्र वळवावी लागली. ढोल वाजू द्यावा. जाळावयाचे सामान मात्र आईबापांनी पाहून द्यावे. ज्यांच्या घरी दम्याचे रुग्ण आहेत त्यांना हे अधिक सांगणे नलगे.

दुसऱ्या दिवशी पोंगल. हळदीचे ओले रोप बांधलेल्या भांड्यातून दूध उतू जाताच घर ‘पोंगलो पोंगल!’ असे ओरडते. आपल्याकडे रथसप्तमीला अंगणात दूध उतू घालतात, ते मुलाला त्याच वेळी सांगावे. आपली भोगीची लेकुरवाळी भाजी आणि येथील सात भाज्यांचे कुळंबु, दोहोंत पावटे आणि हंगामाची भाजी असतेच. त्यानंतरच्या सकाळी बहिणी भावांसाठी हळदीच्या पानावर रंगीत भाताचे घास कावळ्यांना ठेवतात, तो कणु. ती येथील भाऊबीज.

इतके साम्य असताना एक ठिकाण मात्र जपून चालण्याचे आहे. संक्रांतीला आपण काळी वस्त्रे नेसतो आणि तीळगूळ हातावर ठेवतो. येथील जुन्या वळणाच्या पुष्कळ घरांत काळा रंग सणावारी वर्ज्य, आणि तीळ हे पितरांच्या कार्याचे द्रव्य. ते एकाच्या हातून दुसऱ्याने घेऊ नये असे मानतात. काळी झबली घातलेले आपले पोर मोठ्या उत्साहाने शेजारी जाते, ‘तीळगूळ घ्या, गोड बोला’ म्हणते, आणि पाट्टींचा चेहरा क्षणभर उतरतो. त्या बोलत नाहीत. पण मुलाला ते दिसते. घरी येऊन ते विचारते, ‘त्यांना आपला लाडू आवडत नाही का?’ या प्रश्नाला ‘जाऊ दे, त्यांच्यात तसेच असते’ हे उत्तर देऊन मोकळे होणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. ते उत्तर मुलाच्या मनात भिंत बांधते. त्याऐवजी आदल्या दिवशीच शेजारी जाऊन सांगावे की आमच्याकडे काळा रंग थंडीत ऊब धरतो म्हणून नेसतात, तीळ स्निग्ध म्हणून खातात. आणि लाडू हातावर न ठेवता ताटलीत ठेवून पुढे करावा. ज्यांना तरीही नको असेल त्यांच्यासाठी शेंगदाण्याची चिक्की करावी. तंजावरच्या मराठ्यांचे वंशज सतराव्या शतकापासून या प्रदेशात आहेत, १८५५ साली राज्य गेले तरी घरातली मराठी त्यांनी सोडली नाही; इतकी वर्षे शेजार टिकतो तो अशाच लहानमोठ्या तडजोडींवर.

आणि याच दिवसांत एक आश्चर्य वाट पाहत असते. चेन्नईत तेलुगू घरे पुष्कळ. भोगीच्या दिवशी ते लहान मुलाला पाटावर बसवून त्याच्या डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, फुलांच्या पाकळ्या आणि नाणी ओततात. त्याला ‘भोगी पळ्ळु’ म्हणतात. हे आपले बोरन्हाणच नव्हे काय? हलव्याचे दागिने तेवढे नाहीत. मराठी आणि तेलुगू आया हे प्रथम एकमेकींच्या घरी पाहतात तेव्हा दोघींनाही हसू आवरत नाही. तमिळ शेजारणींची मुले पाटाभोवती सांडलेला ऊस वेचण्यास सर्वांत पुढे असतात. बोरन्हाण आपल्याकडे रथसप्तमीपर्यंत केव्हाही चालते. म्हणून भोगीला तेलुगू शेजाऱ्यांकडे जाऊन यावे आणि आपला बेत पुढच्या रविवारी ठेवावा. बोरे येथे ‘इलंदै पळम्’ या नावाने हातगाडीवर मिळतात. ती घरी आणून धुवावीत, किडकी काढून टाकावीत आणि फार टणक असतील ती मुलाच्या डोक्यावर ओतू नयेत.