शांत मुलीची नोंद

प्रवरा आणि म्हाळुंगी यांच्या संगमावर वसलेल्या संगमनेरात काय किंवा तालुक्यातील एखाद्या वस्तीवर काय, चार वर्षांचा मुलगा हाकेला ओ देईनासा झाला, तेच ते हातवारे करू लागला, की घरची मंडळी आज ना उद्या त्याला डॉक्टरांपुढे उभा करतात. परंतु मुलगी तासन्‌तास एकाच बाहुलीचे केस विंचरीत बसली, पाहुण्यांच्या नजरेला नजर देईना, तर तिच्या शालीन स्वभावाचे कौतुक होते आणि तपासणीचा विषयच निघत नाही.

या दृष्टिदोषाचे मूळ शास्त्राच्याच इतिहासात आहे. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 साली वर्णिलेल्या 11 स्वमग्न (ऑटिस्टिक) बालकांत मुली अवघ्या 3 होत्या. पुढच्याच वर्षी हान्स आस्पर्गर यांनी सविस्तर मांडलेली चारही उदाहरणे मुलग्यांची होती. वस्तुतः मॉस्कोच्या ग्रुन्या सुखारेवा यांनी त्यापूर्वीच, 1920 च्या दशकात, अशा मुलींचे स्वतंत्र वर्णन केले होते. ते दीर्घकाळ उपेक्षित राहिले. स्वमग्नता चार मुलग्यांमागे एका मुलीत आढळते, हा समज रूढ झाला. 2017 साली अनेक पाहण्यांचे एकत्र विश्लेषण झाले तेव्हा ते प्रमाण तिनास एकच्या जवळ आले. निसर्गतः काही फरक असेलही. तथापि निदानातून निसटलेल्या मुली त्यात निश्चित आहेत.

त्या निसटतात कशा? पुष्कळ मुली वर्गातील एखाद्या मैत्रिणीचे बोलणे, हसणे, मान डोलावणे बारकाईने न्याहाळून पाठ करतात आणि शाळेत दिवसभर तेच वठवितात. घरी पाऊल टाकताच तो ताण रडण्यात अथवा अबोल्यात फुटतो. गुरुजींकडे तक्रार नसते, आईच्या तक्रारीला कोणी दाद देत नाही, आणि पुढे तारुण्यात नैराश्य वा चिंताविकार म्हणून उपचार होतात, मूळ कारण अज्ञातच राहते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात, स्वमग्नता त्यांच्या यादीत आहे, आणि 2016 च्या दिव्यांगविषयक कायद्याने दिव्यांगत्वाचा दाखलाही मिळू शकतो. पण त्या दाखल्यासाठी वापरल्या जाणाऱ्या 40 मुद्द्यांच्या भारतीय मापनश्रेणीत 70 गुण भरल्याखेरीज स्वमग्नता मानली जात नाही. वरकरणी सर्व काही सुरळीत वठविणारी मुलगी तिथवर पोहोचणे कठीण. म्हणून तपासणीस येणाऱ्यांना आणि शिक्षकांना विनंती आहे की, मुलगी त्रास देते का, एवढेच विचारून थांबू नका. ती मैत्रिणींत खरोखर रमते की नुसती त्यांच्यामागून फिरते, आणि शाळा सुटल्यावर घरी तिची अवस्था काय होते, हे तिच्या आईला विचारा व तिचे उत्तर कागदावर उतरवून घ्या.