पेटीतला बुटका मासा ओळखायचा कसा?

पळस्पे फाट्यावरून गाडी धरून गुरुजी शहरात जातात. शाळेसाठी काचेची पेटी घेतात. दुकानात बोटभर लांबीचा काळा-नारिंगी मासा दिसतो. "लहानच आहे, घेऊन टाकू!" पण ते असते ऑस्करचे पिल्लू. पुढे ते फूटभर वाढते आणि पेटीतल्या लहान माशांचा फडशा पाडते. मुले हिरमुसतात ती वेगळीच.

म्हणून आधी घराणे ओळखावे. ऑस्कर, आपल्या तळ्यातली चिलापी आणि पेटीत ठेवायचे बुटके मासे, सारे एकाच घराण्यातले. त्याला सिक्लिड म्हणतात. रोहूच्या नाकाला प्रत्येक बाजूस दोन छिद्रे असतात, सिक्लिडला एकच. रोहूच्या अंगावरची बारीक रेघ कल्ल्यापासून शेपटीपर्यंत सलग जाते. सिक्लिडची मध्येच तुटते आणि थोडी खाली पुन्हा सुरू होते. बाजारातून चिलापी आणाल तेव्हा कापण्याआधी मुलांना हे दाखवा. फळ्यावरच्या चित्राने ते कळायचे नाही.

आता बुटके, म्हणजे साधारण चार इंचांच्या आतले. रॅमच्या डोळ्यातून उभा काळा पट्टा जातो, अंगावर निळ्या टिकल्या असतात. हा दक्षिण अमेरिकेतल्या ओरिनोको नदीच्या खोऱ्यातला. क्रिब पश्चिम आफ्रिकेतला. अंग लांबट, त्यावर आडवा काळा पट्टा, मादीचे पोट लालसर-जांभळे. तिसरा अपिस्टो. याच्या जाती डझनांनी आहेत, आणि नुसत्या मादीवरून जात सांगणे जाणत्यालाही जड जाते. नर पाहिल्याशिवाय नाव ठरवू नका.

रंगावर तर मुळीच विसंबू नका. घाबरलेला मासा फिका पडतो. पिल्ले राखणारी अपिस्टोची मादी पिवळीधमक होते, की आम्ही म्हणतो नवीनच मासा आला! सबंध निळा रॅमही निराळी जात नव्हे. माणसाने निवडून वाढवलेला तो रंग आहे.

दुकानात नाव विचाराल तेव्हा "पुरता वाढल्यावर किती इंच?" हेही विचारा. आणि पेटी नकोशी झाली तर मासे दुकानदाराला परत द्या, ओढ्यात सोडू नका. चिलापी आफ्रिकेची; १९५२ साली ती भारतात मुद्दाम आणली गेली. आज कितीतरी तळ्यांत जाळे टाकले की आधी तीच येते.